निर्बंध उठले, आता मास्क ठेवायचा की काढायचा?

रानजाई
बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं, आज लिहितेच. मास्कची सक्ती जाऊन खूप काळ झाला, जागतिक आरोग्य संघटनेनेही ५ मे २०२३ ला कोविडची जागतिक आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं, आणि आमच्या ऑफिसात आता मास्कवाली मी एकटीच उरलेय. अगं अजून घालतेस? गेला ना आता कोविड? असं कुणी ना कुणी विचारतंच. वाईट हेतूने कुणी विचारत नाही, पण तेच ते उत्तर देऊन थकायला होतं.

माझ्या धाकट्या भावाचं किडनी ट्रान्सप्लांट झालंय, तो आमच्याकडेच राहतो. नवी किडनी शरीराने नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबून ठेवणारी औषधं त्याला कायमची चालू आहेत. मी मास्क घालते ते त्याच्यासाठी. पण हे आता जन्मभर असंच का, हा प्रश्न मलाही पडतो. तुम्ही कुणी स्वतःपुरता काही नियम ठरवलाय का, कुठे घालायचा आणि कुठे नाही असा? ज्यांनी काढला त्यांनी कसं ठरवलं? आणि बाकी कुणी घालत नसताना एकटीने घालून खरंच काही उपयोग होतो का? वादावादी नकोय, अनुभव आणि खात्रीची माहिती हवीय.

धुकं
मी सगळीकडचा काढला. घरात कुणाला मोठा आजार नाही, सगळ्यांच्या लसी झाल्यात, कोविडही होऊन गेला. आणि खरं सांगायचं तर मला माणसांचे चेहरे बघायचे होते. आमची मुलगी त्या काळात बोलायला शिकत होती, लहान मुलं समोरच्याच्या तोंडाकडे बघून शब्द उचलतात, ते तिच्या वाट्याला घराबाहेर फारसं आलंच नाही याचं मला आजही वाईट वाटतं. पाच वर्षांखालच्या मुलांना मास्कची सक्ती नको असं जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ तेव्हाच सांगत होते.
पण रानजाई, तुमच्या घरात जे आहे ते माझ्या घरात असतं तर मी वेगळं ठरवलं असतं, त्यामुळे माझं उत्तर जसंच्या तसं घेऊ नका.

साधा_माणूस
मला वाटतं आता पुरे. २०२३ च्या जानेवारीत कॉक्रेनचा, म्हणजे वैद्यकीय संशोधन एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेचा, मोठा आढावा आला होता ना, त्यात मास्कचा फरक पडत नाही असं निघालं. जे सिद्धच होत नाही ते किती दिवस करत बसायचं? दुसरं म्हणजे सतत तोंड झाकून ठेवलं तर शरीराला जंतूंची सवयच राहत नाही, मग साधी सर्दीसुद्धा जड जाते. ताई तुमच्या भावाबद्दल वाईट वाटतं, पण तुम्ही स्वतःला किती बांधून घेणार?

गणिती
@साधा_माणूस, तो आढावा मी पूर्ण वाचलाय आणि त्यावरून इतका पक्का निष्कर्ष काढता येत नाही. प्रश्न महत्त्वाचा आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

त्या आढाव्यात एकत्र केलेले बरेचसे प्रयोग "लोकांना मास्क घाला असं सांगितलं तर काय होतं" हे मोजणारे आहेत. सांगितलेल्यांपैकी पुष्कळांनी तो नीट घातलाच नाही, काही प्रयोग फ्लूच्या साध्या हंगामातले, काही कोविडच्या आधीचे. मार्च २०२३ मध्ये कॉक्रेनच्या मुख्य संपादकांनी स्वतः निवेदन काढून सांगितलं की "मास्कचा उपयोग होत नाही हे सिद्ध झालं" असा अर्थ काढणं चुकीचं आहे, उत्तर अनिर्णित आहे. लोकांना मास्क घालायला लावणाऱ्या मोहिमेचा परिणाम मोजणं आणि चेहऱ्यावर नीट बसलेला मास्क काय करतो हे मोजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, चर्चेत त्या सारख्या एकमेकींत मिसळतात.

डेन्मार्कमध्ये २०२० साली साधारण ६,००० लोकांवर प्रयोग झाला. सर्जिकल मास्कवाल्या गटात १.८ टक्के लोकांना संसर्ग झाला, दुसऱ्या गटात २.१ टक्के. हा फरक इतका लहान की नुसता योगायोगही असू शकतो. शिवाय त्यात घालणाऱ्याचं रक्षण किती होतं एवढंच बघितलं होतं, त्याच्यामुळे इतरांचं किती होतं हे नाही. बांगलादेशात ६०० गावांत मोठा प्रयोग झाला, साडेतीन लाखांच्या आसपास माणसं. मास्क फुकट वाटून आणि समजावून सांगून वापर १३ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर गेला, म्हणजे तरीही निम्म्याहून जास्त लोक घालत नव्हतेच, आणि तेवढ्यावरही लक्षणांसह झालेला कोविड सुमारे ९ टक्क्यांनी कमी दिसला. सर्जिकल मास्क दिलेल्या गावांत साठीच्या पुढच्यांमध्ये घट ३५ टक्क्यांच्या घरात होती, कापडी मास्कचं चित्र तितकं स्पष्ट आलं नाही.

यातून मी एवढंच घेतो की साधा मास्क थोडं काम करतो, आणि कुठला घातला, कसा घातला, कुठे घातला यावर बाकी सगळं ठरतं. रानजाईंचा प्रश्न त्यांच्या एका घराचा आहे, अख्ख्या देशाला काय सांगावं हा तो प्रश्नच नाही.

जंतूंची सवय जाते या मुद्द्याबद्दल, निर्बंधांनंतर श्वसनाच्या आजारांच्या अवेळी लाटा आल्या हे खरं आहे. ज्या बाळांची त्या विषाणूंशी आधी गाठच पडली नव्हती त्यांची ती उशिरा पडली. पण म्हणून एका मोठ्या माणसाने ऑफिसात मास्क घातला तर त्याची प्रतिकारशक्ती दुबळी होते असं होत नाही. तो घरी उघड्या चेहऱ्यानेच वावरतो, जेवतो, त्याच्या शरीराला जंतू भेटतच राहतात.

हेमंत_ऋतू
गणिती यांना +१. हे सगळं एकत्र कुणीतरी लिहायला हवंच होतं.

रात्रपाळी
मी हॉस्पिटलात नर्स आहे. एकटीने घालून उपयोग होतो का, यावर लिहिते. होतो, पण सर्जिकल मास्कने फारसा नाही, एन९५ ने किंवा त्या दर्जाच्या मास्कने.

सर्जिकल मास्क मुळात घालणाऱ्याचे थुंकीचे थेंब समोरच्यावर उडू नयेत यासाठी आहे. गालाशी आणि नाकाशी फट राहते, श्वास घेतला की हवा सोप्या वाटेने म्हणजे त्या फटीतूनच आत येते. एन९५ चेहऱ्याला चिकटून बसतो म्हणून हवेला गाळणीतूनच यावं लागतं. त्याच्या आतल्या धाग्यांवर विजेचा भार असतो, बारीक कण त्याकडे ओढले जाऊन अडकतात. ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे कण पकडायला सगळ्यात अवघड असतात, तेही निदान ९५ टक्के अडकले पाहिजेत अशी त्याची चाचणी असते. त्याहून मोठे आणि त्याहून लहान दोन्ही जास्तच अडकतात. त्यामुळे "विषाणू इतका सूक्ष्म, तो जाळीतून सहज जाईल" हे जे लोक म्हणतात ते बरोबर नाही.

आता हात जोडून सांगते, एन९५ धुऊ नका आणि त्यावर सॅनिटायझर मारू नका. साबणाने आणि अल्कोहोलने तो विजेचा भार जातो, मास्क दिसायला नवाकोरा राहतो पण गाळायची ताकद गेलेली असते. दोन-चार मास्क आलटून पालटून वापरा, मधल्या काळात कागदी पिशवीत कोरडे होऊ द्या. पट्टा सैल झाला, आतून ओलसर किंवा मळका झाला, श्वास जड जायला लागला की फेकून द्या. घातल्यावर दोन्ही हात कडेने धरून जोरात श्वास सोडा, डोळ्यांकडे किंवा गालाकडे वारा लागला तर बसलेला नाही. कानाच्या पट्ट्यापेक्षा डोक्यामागून जाणारे दोन पट्टे जास्त चांगले बसतात. आणि दाट दाढी असेल तर कुठलाच नीट बसत नाही.

चष्मिष
चष्म्यावर वाफ येते ना, ती या फटीचीच खूण असते. नाकावरची पट्टी एका हाताने चिमटीत दाबली तर मध्ये टोकदार होते आणि दोन्ही बाजूंना जागा राहते, दोन्ही हातांच्या बोटांनी मधून बाहेर दाबत नेली की बसते. वाफ थांबली म्हणजे वरची बाजू तरी बंद झाली.

पाऊलवाट
मला दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं, मशीन लावते, तरी निम्मं संभाषण मी ओठांवरूनच समजून घेते. मास्कचा काळ माझ्यासाठी फार कठीण गेला. मास्कमुळे वरच्या पट्टीतले आवाज दबतात, स आणि श मला वेगळे कळेनासे झाले, आणि ओठ तर दिसतच नव्हते. रांगेत, बँकेत, डॉक्टरांकडे मी नुसती मान हलवून घरी यायचे आणि मग कळायचं की भलतंच समजलं होतं. म्हणून मास्क घालणं हा निव्वळ चांगुलपणा आहे आणि काढणारे सगळे बेफिकीर, असं कुणी म्हटलं की मला लागतं.

रानजाई, तुम्ही घालू नका असं मी मुळीच म्हणत नाहीये. फक्त माझ्यासारखी कुणी समोर आली आणि तिने दोनदा विचारलं तर आवाज चढवू नका, ओरडून बोललं की शब्द आणखी फाटतात. सावकाश बोला, फोनवर लिहून दाखवा, किंवा उघड्यावर जाऊन, चार पावलं लांब उभं राहून मास्क खाली घ्या. पारदर्शक खिडकीचे मास्कही मिळतात, पण त्यातले बरेचसे एन९५ सारखे गाळणारे नसतात, ते बघून घ्या.

रानजाई
@पाऊलवाट, फार बरं झालं तुम्ही लिहिलंत. आमच्या विभागात एक काका आहेत, ते हल्ली माझ्याशी बोलायचं टाळतात असं मला वाटत होतं, कदाचित हेच कारण असेल. उद्याच बोलते त्यांच्याशी, बाहेर व्हरांड्यात नेऊन.

मोकळी_खिडकी
सगळेजण मास्कवर बोलताय, मला हवेबद्दल बोलायचंय, कारण कुठे घालायचा याचं उत्तर माझ्या मते तिथेच आहे.

श्वासातून निघणारे बारीक कण सिगरेटच्या धुरासारखे वागतात. उघड्यावर चार पावलांवर कुणी ओढत असेल तर वास येतो न येतो तोच धूर उडून जातो, आणि बंद खोलीत ओढणारा निघून गेला तरी धूर मागे राहतो. मार्च २०२० मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात स्कॅजिट इथे एका गायकवृंदाची तालीम झाली होती, ६१ जण, अडीच तास, बंद सभागृह. त्यातले ५३ जण आजारी पडले आणि दोघं गेले. सगळे जण एकमेकांच्या शेजारी बसलेले नव्हते, हवा मात्र सगळ्यांची एकच होती.

म्हणून मी स्वतःला तीनच गोष्टी विचारते. जागा बंद आहे का, गर्दी किती, आणि मी तिथे किती वेळ असणार. रस्त्यावर, बागेत, मोकळ्या मैदानात मी कधीच घालत नाही. लिफ्ट, बंद काचांची बस, ट्रेनचा एसी डबा, दवाखान्याची वेटिंग रूम इथे घालते. ऑफिसचं मात्र बघून ठरवावं लागतं. कार्बन डायऑक्साइड मोजायचं छोटं यंत्र मिळतं, मी घेतलंय. बाहेरच्या हवेत आकडा ४२० च्या आसपास असतो, माणसांनी भरलेल्या बंद मीटिंग रूममध्ये तो १,००० च्या वर कधी जातो कळतही नाही. हा आकडा विषाणू मोजत नाही, पण आपण इतरांनी सोडलेली हवा किती घेतोय याचा अंदाज देतो. आम्ही दोन खिडक्या उघड्या ठेवायला लागलो आणि तो झपाट्याने खाली आला, कुणाला काही घालावं लागलं नाही, कुणाशी वाद नाही.

साधा_माणूस
हे मला पटलं. माझा राग सक्तीवर होता, आणि एकट्याने गाडी चालवतानासुद्धा घालायला लावायचे त्यावर. जागा बघून ठरवायचं असेल तर माझी काहीच हरकत नाही. आढाव्याबद्दल गणिती म्हणतात ते निवेदन मी वाचलं नव्हतं, वाचतो. एक शंका, व्हॉल्व्हवाला मास्क श्वासाला सोपा जातो, तो चालेल का?

रात्रपाळी
घालणाऱ्याचं रक्षण होतं, पण त्याचा सोडलेला श्वास व्हॉल्व्हमधून बराचसा न गाळता बाहेर येतो. तुम्हाला स्वतःला सर्दी-खोकला असेल तर तो नको. हॉस्पिटलात तर नकोच.

आषाढ
मी वेगळ्या कारणाने अजून घालतो. चेहरा झाकलेला असला की मला सुरक्षित वाटतं, गर्दीत बरं वाटतं. आजाराची भीती आता फारशी नाहीये, नुसती उघडं व्हायची भीती आहे. समुपदेशकाशी बोललो, त्यांनी काढच असं काही सांगितलं नाही, पण कशासाठी घालतोयस हे दरवेळी स्वतःला विचार म्हणाल्या. दवाखान्यात घातला तर कारण आहे. रिकाम्या जिन्यात घातला तर कारण दुसरंच आहे, आणि त्यावर वेगळं काम करायला हवं. ते चालू आहे. हे इथे लिहिलं कारण माझ्यासारखे आणखी कुणी वाचत असतील.

धुकं
@आषाढ, लिहिलंत ते फार मोलाचं आहे. आमच्या भाचीचंही हेच होतं, तिला हा धागा पाठवतो.

दुसरा_डाव
माझंही ट्रान्सप्लांट झालंय, लिव्हरचं. रानजाईंच्या भावाच्या बाजूने थोडं लिहितो, कारण या चर्चेत आमच्याबद्दल बोललं जातं पण आम्हाला काय हवंय ते सहसा कुणी विचारत नाही.

आमच्या औषधांमुळे लसीचा परिणामही इतरांपेक्षा कमी होतो. ती घ्यायचीच, पण तिच्यावर इतरांइतका भरवसा ठेवता येत नाही. आणि नुसता कोविडच नाही, फ्लू आहे, साधी सर्दीसुद्धा आम्हाला लांबते. म्हणजे कोविड गेला ना आता, हे वाक्य आमच्यापुरतं खरं होतच नाही.

पण दुसरी बाजूही आहे. माझी बायको बराच काळ सगळीकडे मास्क घालायची, मैत्रिणींकडे जायची नाही, लग्नात गेली तर न जेवता परत यायची. मला दिसत होतं की तिचं जग माझ्या औषधांएवढं लहान झालंय, आणि त्याचं ओझं मला आजारापेक्षा जास्त वाटायचं. शेवटी आम्ही बसून बोललो. मी म्हटलं, तू सगळीकडे जा. बंद गर्दीत जाताना आणि माझ्यासोबत हॉस्पिटलात येताना एन९५ घाल. आणि तुला घसा खवखवल्यासारखं वाटलं, जराही वाटलं, तर लपवू नकोस, मला लगेच सांग, मग आपण चार दिवस वेगळ्या खोल्यांत राहू आणि घरात दोघंही मास्क घालू. लक्षणं दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासून माणूस कोविड पसरवू शकतो, त्यामुळे याने सगळं टळत नाही हे मला माहीत आहे. तेवढी जोखीम मी स्वतः पत्करलीय. आणि मी स्वतः वेटिंग रूममध्ये आणि प्रवासात नीट बसणारा मास्क घालतो, कारण माझं रक्षण सगळ्यात जास्त मीच करू शकतो.

ताई, तुम्ही भावाला विचारलंय का त्याला काय हवंय?

रानजाई
विचारलं नव्हतं हो. कालच विचारलं. रात्री बराच वेळ बोललो आम्ही. तो म्हणाला तू ऑफिसात दिवसभर घालतेस त्यापेक्षा मला घरातल्या खोकल्याची जास्त भीती वाटते. खरंच आहे, माझी मुलगी शाळेतून रोज काहीतरी घेऊन येते आणि ती तर त्याच्या मांडीवरच बसते. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं असं नाही, पण तो इतके दिवस मनात ठेवून होता हे माहीत नव्हतं. ती त्याच्याजवळ येणार नाही असं तो कधीच होऊ देणार नाही, आणि मलाही ते नकोय.

तर आमचं ठरलं ते असं. लेकीला सर्दी-खोकला असेल तेव्हा मामाची खोली वेगळी, खिडक्या उघड्या, आणि ती बरी होईपर्यंत मामा तिच्याशी दारातून बोलेल, मास्क घालून. घरातल्या सगळ्यांच्या फ्लूच्या लसी दरवर्षी वेळेवर. मी बस, लिफ्ट, मीटिंग रूम आणि हॉस्पिटल इथे एन९५ घालणार, माझ्या टेबलापाशी खिडकी आहे ती उघडी ठेवून तिथे काढणार. बाहेर मोकळ्यावर नाहीच. ऑफिसात विचारलं तर आता सरळ सांगणार, घरी ट्रान्सप्लांटचा पेशंट आहे, तुम्हाला सर्दी असेल तर मला आधी सांगा. भावाने परवानगी दिलीय सांगायची, आधी मी त्याचं आजारपण चव्हाट्यावर नको म्हणून गप्प बसायचे.

त्या काकांशीही बोलले. त्यांना खरंच माझं बोलणं कळत नव्हतं.

निळी_शाई
फार छान ठरवलंत. जपानने १३ मार्च २०२३ पासून मास्कचा निर्णय प्रत्येकावर सोपवला, तरी तिथे त्यानंतरही पुष्कळ लोक घालत राहिले आणि त्यांना कुणी कारण विचारत नव्हतं, माझा चुलतभाऊ तिथे राहतो तो सांगतो. आपल्याला सर्दी झाली की बाहेर पडताना मास्क लावायचा ही तिथली सवय कोविडच्या कितीतरी आधीची. एवढं एक तरी सगळ्यांनी उचलावं असं मला मनापासून वाटतं, ज्यांच्या घरी कुणी आजारी नाही त्यांनीसुद्धा, कारण बसमध्ये शेजारी बसलेल्याच्या घरी कोण आहे हे आपल्याला दिसत नाही.

साधा_माणूस
सर्दी झाल्यावर घालायला मी तयार आहे. यात सक्ती लागायलाच नको.

मोकळी_खिडकी
@रानजाई, मीटिंग रूमला खिडकी नसेल तर हेपा फिल्टरवालं (बारीक कण अडकवणाऱ्या गाळणीचं) हवाशुद्धी यंत्र ठेवता येईल का विचारून बघा. खोलीच्या आकाराला पुरेल असं हवं, मोठ्या खोलीत छोटं यंत्र ठेवून फार काही होत नाही.

दुसरा_डाव
ताई, भावाला माझा नमस्कार सांगा. त्याच्या डॉक्टरांना हे दोन प्रश्न नक्की विचारायला सांगा, आपल्याला कुठल्या लसी कधी घ्यायच्या, आणि कोविडची टेस्ट पॉझिटिव्ह आली तर त्याच दिवशी कुणाला फोन करायचा. कोविडवरची गोळ्यांची औषधं लवकर सुरू केली तरच नीट काम करतात आणि त्यातल्या काहींचं आमच्या ट्रान्सप्लांटच्या औषधांशी जमत नाही, म्हणून हे आधीच ठरवून कागदावर लिहून ठेवलेलं बरं. मी माझं लिहून फ्रिजवर लावलंय. त्याला बोलायचं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, नंबर देतो.